थेट मैफलीचा अल्बम

थेट मैफलीचा अल्बम (लाइव्ह अल्बम) म्हणजे ध्वनिमुद्रणगृहात तुकड्यातुकड्यांनी न घडवता श्रोत्यांसमोर झालेल्या सादरीकरणातून तयार केलेला ध्वनिसंग्रह होय. उत्स्फूर्त विस्तारावर आधारलेल्या संगीतात या प्रकाराला विशेष स्थान आहे. हिंदुस्तानी व कर्नाटक संगीत, जॅझ आणि अमेरिकेतील 'जॅम बँड' ही त्याची ठळक उदाहरणे होत. ज्या संगीतात रचना दर वेळी नव्याने उलगडते, तेथे ध्वनिमुद्रण हे त्या रचनेचे अंतिम रूप नसते, तर एका विशिष्ट रात्री ती कशी वाजली याची नोंद असते. अल्बम ऐकण्याची रीतही या फरकामुळे बदलते.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन ते साडेतीन मिनिटांचे संगीत मावत असे. तासभर रंगणारा ख्याल त्या अवधीत बसवताना गायकांना आलाप जवळजवळ वगळावा लागे. त्यामुळे त्या काळच्या तबकड्यांवरून एखाद्या गायकाच्या मैफलीचा अंदाज बांधणे धोक्याचे ठरते. 1948 साली दीर्घ तबकडी (एल.पी.) बाजारात आली आणि एका बाजूचा अवधी वीस मिनिटांच्या पुढे गेला. पुढे कॅसेटने तो तीस ते पंचेचाळीस मिनिटांवर नेला. भारतात मैफल घराघरांत पोहोचवण्याचे मोठे काम आकाशवाणीने केले. तिचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम 1952 मध्ये सुरू झाला.

जॅम बँड आणि मुंबईचा धागा

रॉक, ब्लूज, लोकसंगीत व जॅझ यांच्या मिश्रणातून गाण्याचा दीर्घ, पूर्वनियोजित नसलेला विस्तार करणाऱ्या वाद्यवृंदांना जॅम बँड म्हणतात. या प्रवाहाचा उगम सामान्यतः कॅलिफोर्नियातील 'ग्रेटफुल डेड' या वाद्यवृंदाशी जोडला जातो. त्यांच्या 'लाइव्ह/डेड' (1969) या अल्बममधील 'डार्क स्टार' ही रचना तेवीस मिनिटांची आहे. त्याच अल्बममधील 'द इलेव्हन' अकरा मात्रांच्या आवर्तनात बांधलेली आहे. रुद्र ताल माहीत असलेल्या मराठी श्रोत्याला ती मोजायला अवघड जाऊ नये.

हा योगायोग वाटतो तितका दूरचा नाही. वृंदाचे तालवादक मिकी हार्ट यांनी तबलावादक उस्ताद अल्लारखाँ यांच्याकडे लयीचे धडे घेतले होते. पुढे अल्लारखाँ यांचे मुंबईत जन्मलेले पुत्र झाकीर हुसेन आणि हार्ट यांनी 'दिगा' (1976) व 'प्लॅनेट ड्रम' (1991) या अल्बमांवर एकत्र काम केले.

'शक्ती' या वाद्यवृंदाला कोणी जॅम बँड म्हणत नाही, तरी भारतीय श्रोत्यासाठी त्या कल्पनेच्या सर्वांत जवळचे उदाहरण तेच आहे. गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन, व्हायोलिनवादक एल. शंकर, झाकीर हुसेन, घटमवादक टी. एच. विनायकराम आणि मृदंगमवादक आर. राघवन यांचा पहिला अल्बम 5 जुलै 1975 रोजी न्यू यॉर्कजवळील लाँग आयलंडवरील एका महाविद्यालयात श्रोत्यांसमोर मुद्रित झाला व 1976 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तीनच रचना आहेत. 'जॉय' सुमारे अठरा मिनिटांची, 'लोटस फीट' पाच मिनिटांपेक्षा कमी, आणि तिसरी एकोणतीस मिनिटांची. या तिसऱ्या रचनेने तबकडीची एक पूर्ण बाजू व्यापली.

वाद्यवृंदाच्या दुसऱ्या पर्वातील 'सॅटर्डे नाइट इन बॉम्बे' हा अल्बम 8 व 9 डिसेंबर 2000 रोजी मुंबईत झालेल्या मैफलींवर आधारित असून 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. शहराचे नाव 1995 मध्येच अधिकृतरीत्या मुंबई झाले असले, तरी शीर्षकात जुने नाव राहिले. मॅक्लॉफ्लिन व झाकीर हुसेन यांच्यासह मँडोलिनवादक यू. श्रीनिवास आणि कंजिरावादक व्ही. सेल्वागणेश हे मुख्य वादक होते. संतूरवादक पं. शिवकुमार शर्मा, गायक शंकर महादेवन, गिटारवादक देबाशिष भट्टाचार्य, तालवादक तौफिक कुरेशी, शिवमणी व भवानी शंकर हे पाहुणे कलावंत होते. एवढा मोठा ताफा असूनही अल्बममध्ये चारच रचना आहेत. त्यांतील सर्वांत दीर्घ 'शृंगार' ही शिवकुमार शर्मा यांच्या संतूरभोवती उभी आहे. 'गिरिराज सुधा' ही त्यागराजांच्या कृतीवर आधारित आहे.

ऐकताना

अशा अल्बममध्ये प्रथम ठरलेले काय आणि त्या क्षणी सुचलेले काय, हे वेगळे करावे लागते. सर्व वाद्ये एकाच वेळी एकच अवघड स्वरसमूह वाजवतात तो भाग पाठ केलेला असतो. त्यानंतर एक वादक पुढे येतो व बाकीचे मागे सरतात, तेथून अनिश्चितता सुरू होते. एकाने वाजवलेला लहानसा तुकडा दुसऱ्याने उचलून उलटा किंवा दुप्पट लयीत परत करणे, हा सवाल-जवाब अनेकदा पूर्वतयारीशिवाय होतो. हिंदुस्तानी संगीताच्या श्रोत्याकडे येथे एक तयार साधन असते. ते म्हणजे सम. आवर्तन बोटांवर मोजत राहिल्यास तिहाई कोठे सुटली, ती समेवर कशी आली आणि दाद नेमकी तेथेच का उमटली, हे उलगडते. जॅम बँडच्या संगीतात समेइतका काटेकोर टप्पा बहुधा नसतो. तेथे मूळ गाण्याची चाल परत येणे हाच तो टप्पा.

श्रोत्यांचा आवाज हा मुद्रणातील दोष मानणे योग्य नाही. मैफलीत दाद वादकाला ऐकू जाते आणि तो थांबायचे की आणखी एक आवर्तन घ्यायचे हे काही अंशी त्यावरून ठरवतो. दाद फसवीही असते. 1 ऑगस्ट 1971 रोजी न्यू यॉर्कमध्ये झालेल्या बांगलादेश साहाय्य मैफलीत पं. रविशंकर आणि उस्ताद अली अकबर खाँ वाद्ये जुळवत असतानाच श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या. रविशंकरांनी त्यावर केलेली मिस्कील टिप्पणी अल्बममध्ये तशीच ठेवण्यात आली आहे.

'थेट' हा शब्दही तपासून घ्यावा लागतो. ग्रेटफुल डेडच्या 'युरोप '72' मध्ये गायनाचे काही भाग नंतर ध्वनिमुद्रणगृहात पुन्हा गाऊन जोडले गेले. मॅक्लॉफ्लिन, अल डी मिओला व पाको दे लुसिया यांच्या 'फ्रायडे नाइट इन सॅन फ्रान्सिस्को' (1981) या गाजलेल्या अल्बममधील 'गार्डियन एंजल' ही रचना मैफलीतली नाही, ध्वनिमुद्रणगृहातली आहे. दोन रात्रींतून निवड करणे, मधला वेळ कापणे हे तर सर्रास घडते. यात फसवणूक असतेच असे नाही, परंतु जे ऐकू येते ते संपादित आहे याचे भान हवे.

प्रवाही सेवांवर रचना उलटसुलट क्रमाने वाजवण्याची सोय असते. अशा अल्बमसाठी ती घातक ठरते, कारण एक गाणे न थांबता दुसऱ्यात मिसळते तो सांधाच अनेकदा मैफलीतील सर्वोत्तम भाग असतो. जॅम बँडचे रसिक गाण्यांच्या याद्यांत हा सांधा बाणाच्या खुणेने दाखवतात.

नांदेड व लातूरच्या संदर्भात

नांदेड आणि लातूर ही दोन्ही शहरे मुंबईपासून रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावर आहेत. माजी मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण यांच्या स्मरणार्थ नांदेडमध्ये भरणाऱ्या 'संगीत शंकर दरबार'सारख्या महोत्सवांमुळे नामवंत कलावंत येथे येतात. परंतु असे प्रसंग वर्षातून मोजकेच असल्याने एरवी मैफल कानी पडते ती मुद्रणातूनच.

दीर्घ, विस्तारशील आणि श्रोत्यांच्या सहभागावर चालणारे गायन मात्र या भागाला नवे नाही. वारकरी कीर्तनात एकाच अभंगाभोवती दोन तास निरूपण, गायन व मृदंगाची साथ गुंफलेली असते. टाळकरी धृपद उचलतात तेव्हा श्रोता व कलावंत यांतील सीमा पुसट होते. लातूर जिल्ह्यातील औसा येथील औसेकर महाराजांच्या परंपरेत चक्रीभजन जपले गेले आहे. नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिब येथे गुरबाणीचे कीर्तन नित्य चालते. स्वतः गुरू ग्रंथ साहिबची रचना प्रामुख्याने 31 रागांनुसार लावलेली आहे. या परंपरांवर वाढलेल्या कानाला एकोणतीस मिनिटांची रचना लांब वाटण्याचे कारण नाही.

जतन

ग्रेटफुल डेडने 1984 पासून मैफलीत ध्वनिमुद्रण करू इच्छिणाऱ्या श्रोत्यांसाठी स्वतंत्र जागा ठेवली. हे श्रोते ध्वनिफितींची विक्री न करता अदलाबदल करत आणि प्रत्येक फितीवर तारीख, ठिकाण, गाण्यांचा क्रम व मुद्रण कोठून केले याची नोंद ठेवत. या वृंदाची 8 मे 1977 रोजी कॉर्नेल विद्यापीठात झालेली मैफल अशाच प्रतींमधून प्रसिद्धीस आली. तिच्या ध्वनिमुद्रणाची निवड अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीसाठी झाली आणि अधिकृत अल्बम 2017 मध्ये, म्हणजे चाळीस वर्षांनी निघाला.

महाराष्ट्रातही मैफली व कीर्तने कॅसेटवर उतरवून घेण्याची सवय मोठी होती. चुंबकीय फीत मात्र टिकाऊ नाही. दमट हवेत तिला बुरशी लागते, लेप सुटू लागतो आणि एका वेटोळ्यावरील आवाजाची पुसट छाया शेजारच्या वेटोळ्यावर उमटते. फितीचे अंकीय रूपांतर करून आवाज वाचवता येतो, पण वेष्टणावर कधीच न लिहिलेली तारीख व साथीदारांची नावे त्यातून परत येत नाहीत. म्हणून रूपांतर करताना तारीख, ठिकाण, राग, ताल व साथीदार ही माहिती त्या मैफलीला हजर असलेल्यांना विचारून लगोलग नोंदवणे आवश्यक असते. 'सॅटर्डे नाइट इन बॉम्बे'मधील यू. श्रीनिवास 2014 मध्ये, शिवकुमार शर्मा 2022 मध्ये आणि झाकीर हुसेन 15 डिसेंबर 2024 रोजी निवर्तले. त्या अल्बमच्या वेष्टणावर प्रत्येकाचे नाव व वाद्य छापलेले आहे. घरगुती कॅसेटवर बहुधा फक्त गायकाचे आडनाव सापडते.