डोक्यासकट, काट्यासकट
लेखमाला : सुकवलेला समुद्र / लेखांक ६

कुरकुरीत तळलेल्या मांदेलीचा काटा काढत कोणी बसत नाही. तिच्याच कुळातला एक चिमुकला मासा जपानमध्ये न तळता, नुसता सुकवून, डोकं-पोट-शेपटीसकट येताजाता तोंडात टाकतात. मासा काताकुची इवाशी. सुकवला की पश्चिम जपानात तो इरिको होतो आणि पूर्वेकडे निबोशी. मागच्या लेखात वलांडीवर, म्हणजे दांड्यांवर टांगून सुकवलेले बोंबील पाहिले. तिथे सगळी भिस्त ऊन-वाऱ्यावर होती. इथे भिस्त आहे घाईवर.

ही घाई पाहायची तर इबुकी बेटावर जावं. कागावा प्रांतातल्या कानोन्जी बंदरापासून सुमारे दहा किलोमीटरवर, सेतो अंतर्गत समुद्रात हे लहानसं बेट आहे. त्याच्या किनाऱ्याला लागून इरिकोचे कारखाने आहेत. ज्याचं जाळं त्याचाच कारखाना, अशी तिथली रीत. जून ते सप्टेंबरच्या हंगामात दोन होड्या मिळून जाळं ओढतात. मासा वर आला की वेगवान वाहतूक-होडी तो घेऊन थेट कारखान्याच्या धक्क्याला लागते. तिथून मासळी नळीने आत खेचली जाते, जाळीच्या तबकांत पसरली जाते आणि मिठाच्या उकळत्या पाण्यात काही मिनिटं शिजते. वाळवण त्यानंतर. पूर्वी ते उन्हात होई, आता गरम हवेच्या खोल्यांत.

एवढी धावपळ माशाच्या पोटामुळे. या माशाच्या आतड्यांतले पाचक रस फार तीव्र असतात. मासा मेल्यावरही ते थांबत नाहीत, उलट त्याचंच पोट आतून पचवू लागतात. थोडा उशीर झाला की पोट फुटतं, आतला कडू भाग सगळीकडे पसरतो. मोठ्या माशाचं पोट कापून साफ करता येतं. एवढ्याशा माशाचं कोण आणि कसं करणार? उकळत्या पाण्यात हे रस तिथल्या तिथे निकामी होतात. शिवाय अंगातली थोडी चरबी निघून जाते, त्यामुळे साठवणीत मासा लवकर खवट होत नाही. आपला जवळा कच्चाच खळ्यावर सुकतो. म्हणून तो निवडून, भाजून, चटणीत किंवा कांद्यावर परतूनच ताटात येतो. इरिको मुळातच शिजलेला असतो, आणि माझ्या मते त्याला थेट खाऊचा मान मिळाला तो या उकळीमुळेच.

चांगला इरिको ओळखायला डोळे पुरतात. ताजा मासा उकळताना आकसतो आणि वाकडा होतो. शिळा सरळच राहतो. पोट अखंड हवं, अंगावर रुपेरी चमक हवी. पोटाशी पिवळेपणा दिसला तर तेल खराब झालंय असं समजावं. मोठ्या आकाराचे मासे रश्शासाठी जातात. कागावाच्या प्रसिद्ध सानुकी उदोन नूडल्सचा रस्सा यांचाच, आणि त्यासाठी अनेकजण डोकं-पोट खुडून टाकतात, नाहीतर कडवटपणा उतरतो. खायला मात्र लहान मासेच घेतात. त्यांच्यातला किंचित कडवटपणा बिअरबरोबर छान लागतो.

मुलांसाठी बदामाच्या कापांबरोबर, जरासे गोड केलेले मासे चिमुकल्या पुड्यांतून मिळतात. शाळेच्या जेवणातही ही पुडी असते. जपानच्या अन्नघटक-तक्त्यानुसार १०० ग्रॅम निबोशीत २,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. १०० ग्रॅम कोणी खात नाही, पण १० ग्रॅमची चिमूट म्हणजे कॅल्शियमच्या हिशेबात जवळजवळ एक पेला दूध. हे सगळं येतं काट्यांतून. काटे काढून मासा खाल्ला तर ते ताटातच राहतं. मीठ मात्र १०० ग्रॅमला चार ग्रॅमच्या वर आहे, तेव्हा उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी बेतानं खावं.

या माशाचं सगळ्यात मानाचं रूप नववर्षाच्या डब्यात दिसतं: ताझुकुरी. जपानच्या जुन्या एदो काळात सुकवलेली इवाशी भात आणि कापसाच्या शेतांना खत म्हणून जाई. पूर्व जपानातल्या कुजुकुरीच्या लांबलचक किनाऱ्यावर मासळी ओढून वाळूवर वाळवण्याचा मोठा धंदा उभा राहिला होता. गोव्या-कोकणात माडाच्या आळ्यात तारली पुरणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. ज्यानं भात पिकवला तो मासा वर्षाच्या पहिल्या जेवणात हवाच, पुढचं पीकही चांगलं यावं, ही त्यामागची भावना. मला हा मान फार आवडतो.

करायला ताझुकुरी सोपी, पण धीर हवा. न उकडता सुकवलेले बारके मासे कोरड्या तव्यावर मंद आचेवर भाजायचे, एखादा मोडून पाहिला की कट्कन तुटला पाहिजे. सोया सॉस, साखर आणि मिरिन (स्वयंपाकातली गोड तांदळाची दारू) यांचा पाक वेगळा करायचा, त्याला बारीक बुडबुडे आले की मासे आणि तीळ घालून हलवायचं. पाक गरम असतानाच मासे ताटलीत सुटे पसरावेत, नाहीतर सगळ्यांची मिळून एक वडी होते.

पुढच्या आठवड्यात कोरियाच्या दक्षिण किनाऱ्यावर जाऊ. तिथे नामहे बेटाजवळ ओहोटीच्या वाटेत खांब आणि बांबूंचा सापळा रोवून हाच मासा धरतात.