परदेशात भाड्याची मोटार : स्वस्त दरामागचा खरा हिशेब

आमच्या हिवरा आश्रमात लग्नाच्या वऱ्हाडासाठी क्रूझर ठरवायची असली की घरातील चार जाणती माणसे आधी बसतात. किलोमीटरचा दर काय, ड्रायव्हरचा भत्ता कोणाकडे, टोल कोण भरणार, मुक्काम पडला तर काय, हे सर्व पक्के झाल्याशिवाय इसार दिला जात नाही. परंतु तोच माणूस दुबईच्या विमानतळावर उतरला की काउंटरवरील मुलाने पुढे केलेल्या कागदावर न वाचता सही करतो. पाटीवर रोजचा दर स्वस्त दिसतो आणि रात्रभराच्या प्रवासाने डोळे जड झालेले असतात. आम्हीही असेच केले होते आणि त्याची किंमत मोजली. व्यापारी बंधूंना आमच्या चुकीचा उपयोग व्हावा म्हणून हा लेख.

आमचा तजुर्बा

मार्च २०१९ मध्ये रमजान ईदच्या हंगामासाठी अबायाचे निदा कापड आणि दुपट्टे पाहण्यास आम्ही दुबईला गेलो. बर दुबईचा कापडबाजार, देऱ्यातील मुर्शिद बाजार आणि शारजातील दोन-तीन गुदामे असा चार दिवसांचा बेत होता. रोज ७० दिरहम दराची लहान मोटार घेतली. भाडे झाले २८० दिरहम. १,५०० दिरहम अनामत म्हणून कार्डावर अडकवून ठेवण्यात आले. परतीचे विमान पहाटेचे होते. गाडी पार्किंगमध्ये लावली, किल्ली पेटीत टाकली आणि आम्ही निघालो.

दहा दिवसांनी कंपनीचे पत्र आले की मागच्या दारावर ओरखडा असून पोलिसांचा कागद नाही, सबब पूर्ण अनामत वजा करण्यात येत आहे. ओरखडा आमच्या हातून पडला की आधीपासूनच होता, हे आम्हाला आजही सांगता येत नाही. गाडी घेताना फोटो काढले नव्हते, परत देताना कोणाला दाखवली नव्हती. करारनाम्यात ही अट लिहिलेली होती आणि खाली आमची सही होती. तेव्हाच्या दराने अठ्ठावीस हजार रुपयांच्या आसपास रक्कम गेली, म्हणजे भाड्याच्या पाचपटीहून अधिक. ती रक्कम सुरतच्या आडत्याला द्यायची होती. त्याच्याकडे पंधरा दिवसांची मुदत मागावी लागली. तीस वर्षांत प्रथमच आमचा वायदा चुकला, आणि पैशापेक्षा ते अधिक लागले.

फरक कोठे आहे ?

आपल्याकडे गाडी भाड्याने घेतली की तिच्यासोबत ड्रायव्हर येतो. गाडी घासली, पंक्चर झाली, दंड झाला, तर ते मालक आणि ड्रायव्हर पाहून घेतात. परदेशात गाडी एकटी मिळते आणि जोखीम आपल्या गळ्यात येते. म्हणून तेथे रोजच्या दराइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्व या गोष्टीला आहे की नुकसान झाल्यास कोणी किती भरायचे. पाटीवरचा दर हा ठोक मालाच्या दरासारखा समजावा. हमाली, वाहतूक आणि कर चढल्यावर माल दुकानात कितीला पडला, तो खरा भाव.

समजा दर रोजचा ९० दिरहम आहे आणि गाडी पाच दिवसांसाठी हवी आहे. भाडे ४५०. नुकसानमाफीचे रोज २५ प्रमाणे १२५. विमानतळावर गाडी घेण्याचा अधिभार ६०. बेरीज ६३५. त्यावर अमिरातीत १ जानेवारी २०१८ पासून लागू असलेला ५ टक्के व्हॅट, सुमारे ३२. टोलचे धरा १००. एकूण झाले ७६७ दिरहम, म्हणजे रोजचे १५३. पेट्रोल आणि पार्किंग वेगळेच. हे आकडे केवळ उदाहरणाचे आहेत, पण हिशेबाची रीत हीच. दोन कंपन्यांची तुलना करताना ९० आणि ९५ यांची तुलना करू नये, शेवटच्या बेरजांची करावी. सौदी अरबस्तानात जुलै २०२० पासून व्हॅट १५ टक्के आहे, हेही ध्यानात ठेवावे.

नुकसानमाफी म्हणजे काय ?

करारनाम्यात 'सीडीडब्ल्यू' अशी अक्षरे असतात. हा विमा घेतला की सगळे माफ, असा पुष्कळांचा गैरसमज आहे. वास्तविक त्यात 'एक्सेस' नावाची एक रक्कम ठरलेली असते आणि तेवढे नुकसान आपल्याच खिशातून जाते. आमचे १,५०० त्यातच गेले. थोडे अधिक भाडे देऊन हा एक्सेस कमी किंवा शून्य करता येतो. चार-पाच दिवसांचा प्रवास असेल तर हा जादा खर्च करावा, असा आमचा मशवरा आहे. टायर, काच आणि गाडीच्या खालचा भाग यांना ही माफी बहुधा लागू नसते. ते वेगळे विचारून घ्यावे.

अमिरातीत अपघात लहान असो वा मोठा, पोलिसांचा कागद लागतो. तो नसेल तर गॅरेजवालाही गाडीला हात लावत नाही आणि विमाही मिळत नाही. उभ्या गाडीला कोणी अनोळखी ठोकून गेला तरी पोलिसांना कळवावे. पोलिसांचे नाव काढले की आपल्याकडची माणसे कचरतात आणि आपसात मिटवू पाहतात. तेथे तोच कागद आपली ढाल आहे.

परवाना कोणाचा, गाडी कोणाची ?

पर्यटक किंवा भेटीच्या व्हिसावर गेलेल्या भारतीयाला अमिरातीत मोटार चालवण्यासाठी मूळ परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. आपल्या जिल्ह्यात तो बुलढाण्याच्या आरटीओ कार्यालयातून मिळतो. अर्ज नमुना ४-अ, सोबत पासपोर्ट व मूळ परवाना, फी १,००० रुपये. मुदत एक वर्षाची, मात्र मूळ परवाना त्याआधी संपत असेल तर तेथपर्यंतच. ऑगस्ट २०२२ च्या अधिसूचनेने देशभर याचा एकच नमुना ठरला असून त्यावर क्यूआर कोड असतो. निघण्याच्या पंधरा-वीस दिवस आधी हे काम उरकावे. इंटरनेटवर डॉलर घेऊन पुस्तिका विकणाऱ्यांच्या नादी लागू नये. ब्रिटनमध्ये मात्र पाहुण्या भारतीयाला आपल्या परवान्यावर बारा महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते आणि रहदारीही आपल्यासारखीच डावीकडून आहे. आखातात ती उजवीकडून असते. हात बसेपर्यंत पहिले दोन तास रिकाम्या रस्त्यावर काढावेत.

आता एक घरगुती अडचण. पुष्कळांचा भाचा किंवा जावई तिकडे नोकरीला असतो. "मामू, तुम्ही बसा, मी चालवतो," असे तो प्रेमाने म्हणतो. परंतु करारात ज्याचे नाव नाही त्याने गाडी चालवली आणि अपघात झाला, तर विम्याचे संरक्षण उरत नाही. त्याचे नाव जादा चालक म्हणून आधीच लिहून घ्यावे. तसेच तेथील रहिवासी व्हिसा असलेल्याला भारतीय परवान्यावर चालवता येत नाही, त्याला अमिरातीचाच परवाना लागतो. त्याच्याकडे तो असेल तर गाडी त्याच्याच नावावर घेणे बरे.

टोल, दंड आणि कार्ड

दुबईत टोलला थांबावे लागत नाही. 'सालिक'च्या कमानीखालून गाडी गेली की पैसे आपोआप कापले जातात. पूर्वी सरसकट ४ दिरहम होते. ३१ जानेवारी २०२५ पासून गर्दीच्या वेळी ६, इतर वेळी ४ आणि रात्री १ ते ६ मोफत, अशी पद्धत आली. भाड्याच्या गाडीवर कंपनी प्रत्येक वेळेस आपली वर्तणावळ चढवते, ती किती हे विचारावे. कॅमेऱ्याने टिपलेला वेगाचा दंडही मागाहून येतो. त्यामुळे अनामत सुटण्यास बहुधा दोन ते चार आठवडे लागतात. ती रक्कम या काळात हाती नाही असे धरूनच बाजारातले वायदे द्यावेत.

अनामतीसाठी चालकाच्या स्वतःच्या नावाचे क्रेडिट कार्ड असावे. यंत्र विचारते की पैसे रुपयांत कापू की दिरहममध्ये. रुपये दिसले की आपल्याला बरे वाटते, पण तेथे लावलेला दर आपल्याला महाग पडतो. दिरहमच निवडावे.

गाडी खरोखर लागते का ?

सर्वांत मोठी बचत या प्रश्नात आहे. दुबईची मेट्रो सप्टेंबर २००९ मध्ये सुरू झाली आणि ती विमानतळावरूनच मिळते. बर दुबई आणि देरा यांच्यामधील खाडी अब्रा नावाच्या लहान होडीतून एखाद-दुसऱ्या दिरहममध्ये पार होते. कापडबाजाराच्या गल्ल्यांत तर गाडी लावायलाच जागा नाही. मेट्रो शारजाला जात नाही, म्हणून गुदामे पाहण्याच्या दिवसापुरती गाडी घ्यावी. आम्ही चार दिवस गाडी ठेवली, त्यांपैकी अडीच दिवस ती उभीच होती.

उमऱ्याला जाणाऱ्या कुटुंबांनीही हा विचार करावा. जिद्दा, मक्का आणि मदिना यांना जोडणारी सुमारे ४५० किलोमीटरची हरमैन रेल्वे २०१८ पासून चालू आहे. जिद्दात गाडी घेऊन मदिनेत सोडली तर एकमार्गी अधिभार लागतो. दोन-तीन माणसांना रेल्वे सोयीची. मुलाबाळांसह सात-आठ जण असतील तर मोठ्या गाडीचा हिशेब जरूर करून पाहावा.

निघण्यापूर्वी कात्रण जवळ ठेवावे

१) गाडी घरूनच ठरवावी, रद्द करण्याची मुभा असलेली. सहा-सात दिवस लागत असतील तर आठवड्याचा दर विचारावा.
२) लहान गाडी मागावी. 'थोडे जास्त देऊन मोठी घ्या' याला नम्र नकार द्यावा.
३) रोजची किलोमीटरची मर्यादा आणि त्यापुढचा दर लिहून घ्यावा.
४) पेट्रोल भरून घेणे आणि भरून देणे, हीच अट घ्यावी. भरल्याची पावती जपावी.
५) दिवस चोवीस तासांचा धरतात. घेतल्याची वेळ लिहून ठेवावी. दोन तास उशीर म्हणजे एका दिवसाचे जादा भाडे, असे होऊ शकते.
६) ताब्यात घेताना व देताना चारही बाजू, टायर, काच, किलोमीटर आणि पेट्रोलचा काटा यांचे चित्रीकरण करावे. जुना ओरखडा करारावर नोंदवून घ्यावा.
७) गाडी माणसाच्या हाती द्यावी आणि 'नुकसान नाही' असे लिहून घ्यावे. पहाटेचे विमान असेल तर आदल्या संध्याकाळीच परत करावी.

२०१९ नंतर आम्ही दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळेस दर पहिल्यापेक्षा जास्त दिला आणि एकूण खर्च कमी आला. सुरतचा वायदाही पुन्हा चुकला नाही. ठाण उलगडून पाहिल्याशिवाय आपण माल घेत नाही. करारनामाही तसाच उलगडून पाहावा, इतकेच आमचे सांगणे आहे.