बायरनचा काळोख

इंग्रजीच्या वर्गांत बायरनची ‘डार्कनेस’ ही कविता निघाली, कीं सूर्य विझल्याचें तें चित्र कवीच्या खिन्न स्वभावावर ढकलून देणें सोपें असतें. पण एवढ्यानें भागत नाहीं. एप्रिल १८१५ मध्यें सुंबावा बेटावरील तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. त्यांतील गंधकयुक्त वायूचे आकाशांत फार उंचावर आम्लमय सूक्ष्म तुषार बनले आणि त्यांनीं कांहीं ऊन परतविलें. १८१६ सालीं पश्चिम युरोपांत उन्हाळा असा आलाच नाहीं. पिकें बुडालीं, धान्य महागलें. त्याच दिवसांत जिनिव्हा सरोवराकांठीं बायरननें ही कविता लिहिली. शेजारींच मेरी शेली ‘फ्रँकेन्स्टाइन’ रचूं लागली होती. आभाळ कशानें झांकोळलें, हें मात्र दोघांनाहि ठाऊक नव्हतें!

हवामानबदलाचा धडा म्हणून ही कविता शिकवितांना एक धोका संभवतो. तांबोराचे तुषार दोन-तीन वर्षांत विरले. तेव्हां आजचें संकटहि तसेंच ओसरेल, असें विद्यार्थ्यास वाटूं लागतें. कोळसा व खनिज तेल जाळून निघालेला कार्बन डायॉक्साइड असा विरत नाहीं. त्याचा बराच भाग शतकानुशतकें हवेंत राहतो आणि पृथ्वीची उष्णता अडवून धरतो. बायरनच्या काळीं हवेच्या दहा लक्ष भागांत त्याचे सुमारें २८० भाग होते; आतां ते ४२० च्या वर गेले आहेत.