राणीखेतची साथ आणि बाजाराची वाट

कोंबड्यांचा रोग हा पशुवैद्यांचा विषय. अर्थशास्त्राच्या अध्यापकाने त्यात का पडावे, असे कोणी विचारील. परंतु राणीखेत रोगाचा प्रसार बारकाईने पाहिला, तर विषाणूइतकाच बाजारही त्याला हातभार लावतो असे दिसून येते.

१९२६ च्या सुमारास जावा बेटावर आणि इंग्लंडातील न्यूकॅसल येथे या रोगाची प्रथम नोंद झाली. लवकरच कुमाऊंमधील राणीखेत येथे तो आढळला व आपल्याकडे तेच नाव रूढ झाले. रोगी पक्ष्याच्या विष्ठेतून व नाकातोंडाच्या स्रावातून विषाणू बाहेर पडतो. ब्रॉयलरच्या शेडमध्ये हजारो पक्षी तुसाच्या एकाच गादीवर वावरतात, त्याच भांड्यांतून खातपितात. लक्षणे दिसण्यास साधारणतः ५-६ दिवस लागतात. तत्पूर्वीच पक्षी रोग पसरवू लागलेला असतो. लस न दिलेल्या कळपात तीव्र स्वरूपाच्या साथीने ९० टक्क्यांहून अधिक पक्षी मरू शकतात.

हे झाले एका शेडचे. एका गावातून दुसऱ्या गावात मात्र हा रोग बहुधा माणसाच्या पायांनी आणि गाड्यांच्या चाकांनी जातो. न धुतलेले पिंजरे, खाद्याचा ट्रक, एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये फिरणारी व्यापाऱ्याची माणसे आणि उघड्यावर फेकलेले मेलेले पक्षी हीच त्याची वाहने होत.

येथेच अर्थशास्त्राचा प्रश्न उपस्थित होतो. ब्रॉयलर सुमारे सहा आठवड्यांत विक्रीस येतो. पाचव्या आठवड्यात मरतूक सुरू झाली, तर मालकाने काय करावे? रोग कळवून विक्री थांबविली, तर पिल्लांची किंमत व खाद्याची उधारी अंगावर येते. धडधाकट दिसणारे पक्षी रातोरात विकले, तर निदान मुद्दल सुटते. त्या पक्ष्यांबरोबर विषाणू चार गावे फिरतो. पण तो खर्च विकणाऱ्याच्या हिशेबात येत नाही, शेजाऱ्याच्या येतो. लसीचे नेमके उलट आहे: खर्च एकाचा, लाभ सर्वांचा.

मालकाला दुष्ट ठरवून हा प्रश्न सुटणार नाही. २००९ च्या केंद्रीय कायद्याने प्राण्यांचे सांसर्गिक रोग कळविण्याचे बंधन घातले आहे. परंतु ज्या सत्याने घर बुडते, ते केवळ कायद्याच्या धाकाने कोण सांगेल? नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातील पहिला बर्ड फ्लू जाहीर झाला, तेव्हा आरंभीची मरतूक राणीखेतचीच मानली गेली होती. पुढे दूरदूरच्या निर्दोष उत्पादकांचेही भाव कोसळले.

बर्ड फ्लूमध्ये सरकार भरपाई देते, ती नष्ट केलेल्या पक्ष्यांची. आधीच मेलेल्यांची नव्हे. त्यामुळे लवकर कळविणारास लाभ होतो. हेच तत्त्व राणीखेतला लावता येईल. प्रत्येक पिल्लामागे काही पैसे जमा करून जिल्हावार निधी उभारावा व वेळीच कळविणारास त्यातून साहाय्य द्यावे. करारावर पक्षी वाढवून घेणाऱ्या कंपन्यांनी त्यात मोठा वाटा उचलावा, आणि पिंजरे धुण्याची जबाबदारी व्यापाऱ्यावर असावी.

विषाणूवर लस आहे. लपवालपवीवर लस एकच: खरे बोलणाऱ्याचे नुकसान होऊ न देणे.