मंगळ बघायचाय? मळवलीला उतरा!

लोणावळ्याचा वीकएण्ड म्हटला की भुशी डॅम, गरमागरम भजी आणि चिक्की. माझ्या यादीत आणखी एक आयटम असतो : मंगळ!

हसू नका. लॅपटॉपवर दोन विंडो उघडा. एकीत लोहगड-विसापूरचा सॅटेलाइट फोटो, दुसरीत मंगळावरच्या एखाद्या डोंगराचा. दोन्हीकडे सपाट माथे, उभे कडे आणि एकाखाली एक उतरत गेलेल्या पायऱ्या. हे साम्य उगीच नाही. आपला सह्याद्री सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा, आणि मंगळाचाही बराचसा पृष्ठभाग त्याच काळ्या दगडाचा, म्हणजे बेसॉल्टचा.

पण वरून काढलेला फोटो चकवतो, बरं का! १९७६ मध्ये व्हायकिंग-१ यानानं टिपलेल्या एका टेकडीत लोकांना चक्क माणसाचा चेहरा दिसला. २००१ मध्ये मार्स ग्लोबल सर्व्हेयरनं तीच टेकडी बारकाईनं टिपली आणि चेहरा गायब! उरली एक झिजलेली टेकडी. आधीची सगळी करामत तिरप्या उन्हाची आणि ढोबळ फोटोची.

२००६ मध्ये मंगळाच्या कक्षेत पोचलेल्या यानावरच्या हायराइज कॅमेऱ्याला सुमारे ३०० किलोमीटरवरून मीटरभराची शिळाही दिसते. तरी पायऱ्या लाव्हाच्या की गाळाच्या, हे नुसत्या आकारावरून ठरत नाही.

मावळात शंका आली, तर लोकल पकडायची. मळवलीला उतरून लोहगडाच्या वाटेला लागा. वाटेतला एखादा दगड उचला. त्यात बारीक भोकं दिसली, तर ते लाव्हात अडकलेल्या वायूचे बुडबुडे. मग कड्याच्या पायथ्याशी बघा : मोठमोठ्या धोंड्यांचा खच. कठीण थर ढासळतो तो असा. भुसभुशीत गाळाचा मात्र भुगा होतो आणि वारा तो उडवून नेतो.

मंगळाच्या फोटोत अभ्यासक हेच शोधतात. कड्याखाली धोंडे आहेत का? जोडीला खनिजांवरून परतलेल्या प्रकाशाची साक्ष काढतात, कारण एकट्या धोंड्यांवर निकाल लागत नाही.

मंगळावर सुमारे २० किलोमीटर रुंदीचं ‘पूना’ नावाचं विवरही आहे, आपल्या पुण्यावरून ठेवलेलं. तिथं लोकल जात नाही. पण हायराइजचे फोटो नेटवर सगळ्यांना फुकट आहेत. फक्त ते उघडण्याआधी एकदा लोहगड पायी चढून या. मग बघा, फोटोतल्या डोंगरावर तुमची नजर आधी कुठं जाते ती!