सडपातळ अंगातली चरबी

२००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा एकत्र फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या मानाने वजन मोजणारा बीएमआय दोघांचाही २२.३, म्हणजे कुठल्याही दवाखान्यात 'वजन उत्तम' असा शेरा मिळावा असा. पण शरीरातली चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के भरली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्याला जे दिसत नव्हतं, ते त्या एका पानावर उघड झालं.

या फरकाची दोन कारणं त्यांनी सुचवली होती. युडकिन मॅरेथॉन धावणारे. याज्ञिकांची धाव रुग्णालयाची लिफ्ट बंद होण्याआधी गाठण्यापुरती. आणि दुसरं, याज्ञिकांचं जन्माच्या वेळचं वजनच कमी होतं. पहिल्या कारणावर आपल्याकडे भरपूर बोललं जातं. जिम, डाएट, रोजची दहा हजार पावलं, सगळं त्याच्याभोवती फिरतं. दुसऱ्या कारणाचा शोध मात्र पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांमध्ये घेतला गेला, आणि मला तो आपल्या वैद्यकातल्या फार मोलाच्या कामांपैकी एक वाटतो.

१९९३ मध्ये केईएमच्या संशोधकांनी या गावांतल्या लग्न झालेल्या तरुण स्त्रियांची नोंद ठेवायला सुरुवात केली. त्या काय खातात, किती कष्ट करतात, दिवस गेल्यावर पोटातलं बाळ कसं वाढतं, हे सगळं त्यात होतं. गरोदर राहण्याआधी या स्त्रियांचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होतं. बाळं जन्मली साधारण २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. पुण्याजवळची ही बाळं सगळ्याच मापांनी लहान होती, पण सारखी लहान नव्हती. पोटातले अवयव आणि स्नायू फार कमी, पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र जवळपास टिकून. अपुऱ्या अन्नात गर्भाने जे वाचवलं त्यात चरबी होती, आणि जे सोडून दिलं त्यात स्नायू होते.

स्नायू कमी असणं इतकं महागात का पडतं? जेवणानंतर रक्तात साखर येते, स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं आणि त्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात. स्नायू ही शरीराची कणगी आहे. प्रौढ माणसाच्या स्नायूंत मिळून सुमारे ४०० ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठते, यकृतात फार तर शंभर ग्रॅम. कणगीच लहान असेल, किंवा ती वापराविना भरलेलीच राहत असेल, तर जास्तीच्या साखरेची यकृत चरबी करतं. ती चरबी यकृतात, पोटात, पुढे स्वादुपिंडातही साचते. मग तेवढ्याच साखरेसाठी जास्त इन्सुलिन लागतं, आणि काही वर्षांनी स्वादुपिंडाला तेही पुरवता येत नाही. बारीक दिसणाऱ्या माणसाला पस्तिशीत मधुमेह निघतो तो असा.

व्यायामाचं महत्त्व इथे कळतं. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर आत घेतो. जी दारं एरवी इन्सुलिनच्या इशाऱ्यावर उघडतात, ती हालचालीनेही उघडतात, आणि चांगल्या व्यायामानंतर इन्सुलिनचा प्रभाव दीड-दोन दिवस वाढलेला राहतो. म्हणून आठवड्यातल्या एका रविवारी घाम गाळण्यापेक्षा एक दिवसाआड केलेला व्यायाम आणि जेवणानंतरचा रोजचा फेरफटका जास्त कामाचा. आणि कणगीच मोठी करायची, तर नुसतं चालणं पुरेसं नाही. तालमीतल्या जोर-बैठका, वजनं उचलणं, खुर्चीचा आधार न घेता ऊठबस करणं, यातून स्नायू वाढतात आणि म्हातारपणी टिकतात. आपल्याकडे साठी उलटलेल्या बाईला 'जरा चाला' एवढंच सांगितलं जातं. ताकदीचा व्यायाम तिलाच सगळ्यात जास्त हवा असतो.

वजन उतरवण्याचा मार्ग म्हणून मात्र व्यायामाकडे पाहिलं, तर पदरी निराशा येते. टांझानियातले हाड्झा लोक अजूनही शिकार करून आणि कंदमुळं खणून जगतात. हर्मन पाँट्झर यांच्या गटाने २०१२ मध्ये त्यांचा दिवसभरातला ऊर्जेचा खर्च मोजला. शरीराचा आकार लक्षात घेता तो खुर्चीत बसून काम करणाऱ्या अमेरिकी माणसाइतकाच निघाला. हालचाल वाढली की शरीर दुसरीकडे काटकसर करतं. २०२१ मध्ये २९ देशांतल्या ६,४००हून अधिक लोकांच्या मोजणीने आणखी एक समजूत मोडली. शरीराचा आकार आणि त्यातली चरबी यांचा हिशेब धरला, तर ऊर्जेचा खर्च विशीपासून साठीपर्यंत जवळपास स्थिर राहतो. 'तिशीनंतर मेटाबॉलिझम मंदावतो' हे वाक्य आपण सर्रास ऐकतो. मंदावतात ते बहुतेकदा आपले पाय.

चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६च्या प्रयोगातून व्यायामाचा फायदा काट्यावर शोधायचा नसतो, हे आपल्या मातीत दिसलं. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले ५३१ भारतीय त्यात होते. ज्यांनी आहार आणि हालचाल सुधारली, त्यांच्यात तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन या गोळीने झालं जवळपास तेवढंच. आणि हा फायदा त्यांचं वजन फारसं न उतरताच झाला. महिनाभर चालून काट्यावर फरक पडला नाही म्हणून बूट माळ्यावर टाकणाऱ्या प्रत्येकाला हा निष्कर्ष कोणीतरी समोर बसवून समजावायला हवा.

आता ताटाकडे. आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, आणि राज्यांमध्ये सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के. याच पाहणीतल्या आहाराच्या नोंदींनुसार भारतीय माणूस दिवसाच्या ऊर्जेपैकी सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून आणि साखरेतून घेतो. त्यातलं पुढचं निरीक्षण महाराष्ट्राने नीट ऐकण्यासारखं आहे. पांढऱ्या तांदळाऐवजी गव्हाची पोळी किंवा भरडधान्यांची भाकरी घेतली, पण पिष्टाचं एकूण प्रमाण तेवढंच ठेवलं, तर धोका घटलेला दिसला नाही. घटला तो पिष्टातला थोडा वाटा काढून तिथे डाळी-कडधान्यं किंवा दुधातली प्रथिनं आली तेव्हा. नाचणी-ज्वारीचं कौतुक मलाही आहे. पण तीन भाकऱ्यांसोबत चमचाभर पिठलं हे ताट बदललेलं ताट नव्हे. दोन भाकऱ्या, वाटीभर मटकीची उसळ आणि दही हे बदललेलं.

पुन्हा त्या सहा गावांकडे येतो, कारण आहार-व्यायामाच्या बहुतेक लेखांत आईच्या कष्टांची आणि ताटाची बाजू येतच नाही. तिथल्या ज्या गरोदर बायकांना शेतीचं काम, विहिरीचं पाणी, धुणी असे कष्ट जास्त पडत होते, त्यांची बाळं आणखी लहान जन्मली. ज्यांच्या जेवणात पालेभाज्या, फळं आणि दूध वारंवार येत होतं, त्यांची मोठी. सुमारे दोन तृतीयांश मातांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी होतं, आणि ज्यांच्या शरीरात ब-१२ कमी पण फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची लक्षणं जास्त दिसली. हालचाल आरोग्याला चांगली, हे खरंच. पण पोटभर खाऊन केलेला व्यायाम आणि अर्धपोटी उपसलेले कष्ट या शरीराच्या दृष्टीने दोन निराळ्या गोष्टी आहेत. 'आमच्या आज्या दिवसभर राबायच्या म्हणून ठणठणीत होत्या' असं म्हणताना त्यांच्या ताटात काय उरायचं, हेही विचारायला हवं. म्हणून चयापचयाचं सगळं ओझं माणसाच्या इच्छाशक्तीवर टाकणं मला अन्यायाचं वाटतं. चाळिशीत साखर वाढलेल्या माणसाच्या आजाराचा काही भाग त्याच्या आईच्या उपासमारीतून आलेला असतो.

हे बदलता येतं का, याची चाचणी मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये झाली. 'सरस' या प्रकल्पात स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून पालेभाज्या, फळं आणि दूध घालून केलेला खाऊ रोज दिला गेला. बाळांचं सरासरी वजन सगळ्या गटात मिळून वाढलं नाही. दिवस जाण्याआधी तीन महिने तरी ज्यांनी तो खाल्ला, त्यांच्या बाळांचं थोडं वाढलं. पण गरोदरपणातला मधुमेह तुलनेच्या गटात १२.४ टक्के, तर हा खाऊ मिळालेल्यांत ७.३ टक्केच निघाला. औषध नाही, इंजेक्शन नाही, एक समोशाएवढा खाऊ. आईला गरोदरपणी मधुमेह झाला तर पुढे तिला आणि बाळालाही त्याचा धोका वाढतो, म्हणून हा आकडा दोन पिढ्यांचा आहे.

महाराष्ट्राने २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्यांना केळं. जानेवारी २०२५ मध्ये राज्याने त्यासाठीचा निधी थांबवला. अंड्यात प्रथिनं असतात आणि ब-१२ही असतं. या शाळांतल्या मुली काही वर्षांत आया होतील. त्यांच्या ताटातलं अंडं हा खर्च सरकारने आरोग्य खात्याच्या हिशेबात धरावा, आणि लवकर धरावा.