पोटातली काटकसर

महिनाअखेरीस पैसे कमी पडले, की आपण काय करतो? दूध-धान्याला हात लावत नाही. कापडचोपड, भांडीकुंडी पुढच्या महिन्यावर ढकलतो. आईच्या पोटातला जीवही अगदी असंच करतो बरं का!

वारेतून पोषण कमी पोचलं, की गर्भ आपलं रक्त आधी मेंदूकडे वळवतो. यकृत, स्नायू, मूत्रपिंडं यांच्या वाट्याला काटकसर येते. डुकरिणीचं एक वेत पाहा. एरवी पिलू सव्वा ते दीड किलोचं. पण त्यातच एखादं किलोभरही भरत नाही. या पिलांच्या अंगावर जन्मतः चरबी जवळजवळ नसतेच. यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या साखरेवर त्यांनी ऊब धरायची. किरकोळ पिलाची ही शिदोरीच तुटपुंजी, त्यात इवलंसं अंग लवकर गार पडतं. चीक पिण्याच्या धडपडीत भावंडं त्याला मागे सारतात. मग रक्तातली साखर उतरते आणि पिलू दगावतं.

बरं, जगलं म्हणजे सुटलं, असंही नाही. गाभण उंदरिणींना कमी प्रथिनांचा आहार दिला, तेव्हा पिलं लहान जन्मली. आणि वय वाढल्यावर त्यांच्या शरीराला साखर पेलेनाशी झाली. हेल्स आणि बार्कर या इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी १९९२ साली असा विचार मांडला, की पोटात टंचाईची सवय लागलेल्या शरीराला पुढे सुकाळ बाधतो.

माणसाचं काय? पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं स्नायूंनी किरकोळ; पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानानं टिकून होती!

तेव्हा ‘बाळ लहान तर सुटका सोपी’ म्हणत गरोदर सुनेचं ताट आवरतं घेऊ नका. सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं तिनं खायचं, ही रीतही मोडा. डाळी-उसळी, पालेभाजी, दूध, फळं तिच्या पानात आधी पडू द्या. आणि बाळ लहानखुरं जन्मलंच, तर चीक टाकून न देता लगेच पाजा, त्याला उबेत ठेवा, वजन डॉक्टरांकडून नियमित पाहून घ्या. पुढेही झटपट बाळसं धरावं म्हणून तूप-साखरेचा मारा नको. पोटात काटकसर शिकलेल्या जिवाला बाहेरची उधळपट्टी सोसत नाही!